वाचनालयाच्या प्रोग्रॅमसाठी विंडोज, मॅक आणि लिनक्सचे इन्स्टॉलर कसे बनवायचे?

घणसोलीच्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, आमच्या छोट्या वाचनालयासाठी मी पायथन ही भाषा आणि खिडक्या-बटणं बनवणारी क्यूटी ही लायब्ररी वापरून पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिलाय. कोड सगळा खुला ठेवलाय. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. पायथनचा प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या पायइन्स्टॉलरनं एकच ईएक्सई बनवून वाचनालयाच्या पीसीवर नेली, तर 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' अशा नावाची डीएलएल नाही म्हणतो आणि बंद पडतो. आता ठाण्यातली आणखी तीन वाचनालयं प्रोग्रॅम मागतायत. एकाकडे विंडोज १० आहे, एकाकडे मॅक, एकाकडे उबुंटू. सगळ्यांसाठी इन्स्टॉलर बनवणारं एकच टूल आहे का?"

आधी त्या डीएलएलचं, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या विंडोजच्या मदतनीस फाइलचं सांगते, कारण तुझं स्वतःचं वाचनालय तिथंच अडलंय. तो पीसी विंडोज ७ चा आहे. पायथनची ३.९ आणि त्यापुढची कुठलीही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि न चालण्याची खूण म्हणजे नेमकी हीच डीएलएल. ती विंडोज ८ पासून आली. कुणीतरी तुला सांगेल, नेटवरून ती फाइल उतरव आणि शेजारी टाकून दे. तसं करू नकोस. कुणी बनवली ते माहीत नसलेली डीएलएल सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर असलेल्या मशीनवर टाकायची नसते. शिवाय ही एक टाकलीस की दुसरी मागेल.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पायथन ३.८ आणि क्यूटी ५.१५ वर वेगळी बिल्ड, म्हणजे चालवायला तयार असा प्रोग्रॅम, करायची, ती विंडोज ७ वर चालेल. दुसरा म्हणजे तो पीसीच बदलायचा, किंवा ६४ बिटचा असेल आणि ४ जीबी रॅम असेल तर त्यावर हलकी डेस्कटॉप असलेली डेबियन ही लिनक्स टाकायची आणि तुझं लिनक्सचं पॅकेज वापरायचं. मी दुसरा रस्ता धरीन. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, पायथन ३.८ चे ऑक्टोबर २०२४ मध्ये. एका मशीनसाठी दोन फांद्या सांभाळायला लागलीस की प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते, आणि सहा महिन्यांत त्यातली एक सुकते. समिती तयारच नसेल तर ३.८ ची बिल्ड एकदा करून दे आणि ती पुढे वाढणार नाही हे त्यांना लेखी कळव. आणि मुख्य इन्स्टॉलरला किमान विंडोजची अट घाल. इनो सेटअप या विंडोजचे इन्स्टॉलर बांधायच्या टूलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते. मग माणसाला डीएलएलचं कोडं न दिसता "या प्रोग्रॅमला विंडोज १० लागतं" असं सरळ वाक्य दिसतं.

आता एकच टूल आहे का, याचं उत्तर. तिन्हीकडे त्याच कमांडनं इन्स्टॉलर काढून देणारी टूल आहेत. पायथनसाठी ब्रीफकेस आहे, सी-प्लस-प्लसवाले सीपॅक वापरतात. पण ती आतून त्या त्या यंत्रणेचं मूळ टूलच चालवतात, कारण 'इन्स्टॉल करणं' याचा अर्थच तिन्हीकडे वेगळा आहे. विंडोजवर इन्स्टॉलर हा स्वतः एक प्रोग्रॅम असतो. तो फाइली ठेवतो, रजिस्ट्रीत नोंद करतो आणि काढण्याची सोयही त्यालाच करावी लागते. मॅकवर अ‍ॅप म्हणजे एक फोल्डर, ते ओढून अ‍ॅप्लिकेशन्समध्ये टाकलं की झालं. लिनक्सवर तुझं पॅकेज म्हणजे पॅकेज मॅनेजरला दिलेली सामानाची यादी. काय कुठं ठेवायचं आणि आणखी काय आणायचं ते तो मॅनेजर बघतो. हे समजून न घेता सगळं एका टूलवर सोडलंस तर काम चालेल, पण बिघडेल तेव्हा कुठं बघायचं ते कळणार नाही. तू आधी तिन्ही एकेकदा हातानं कर.

पण टूल निवडायच्या आधी एक काम आहे. मी बावीस वर्षं महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात हेच करतेय आणि अजूनही नव्या प्रकल्पात पहिला आठवडा त्यालाच देते. पहिल्या इन्स्टॉलरमध्ये घेतलेले काही निर्णय नंतर बदलता येत नाहीत. प्रोग्रॅममधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. पण दहा मशीनवर आधीच बसलेला इन्स्टॉलर बदलायला त्या दहा मशीनपर्यंत जावं लागतं. असे तीन निर्णय आहेत: ओळख, आवृत्तीचा क्रमांक आणि डेटाची जागा.

ओळख म्हणजे नाव नव्हे. नाव उद्या बदलेल. आज 'ग्रंथदेवघेव' म्हणशील, उद्या समितीतलं कुणी छान नाव सुचवेल. ओळख मात्र पहिल्या दिवसापासून तीच राहायला हवी, कारण नवा इन्स्टॉलर जुन्याला ओळखतो तो तिच्यावरून. इनो सेटअपमध्ये तिला अ‍ॅपआयडी म्हणतात. ती दिली नाहीस तर तो प्रोग्रॅमचं नावच ओळख म्हणून घेतो, आणि मग नाव बदललं की मशीनवर तुझे दोन प्रोग्रॅम दिसायला लागतात. म्हणून एक जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशीही न जुळणारी लांबलचक खूण, तयार करून ती कायमची लिहून ठेव. एमएसआय या विंडोजच्या दुसऱ्या इन्स्टॉलर-प्रकारात हेच काम अपग्रेड कोड करतो. मॅकवर बंडल आयडेंटिफायर असतो, डोमेन उलटं लिहिल्यासारखा. तुझं स्वतःचं डोमेन नसेल तर गिटहबच्या खात्यावरून 'आयओ डॉट गिटहब' असा सुरू होणारा घे, तोच पुढे फ्लॅटहब या लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या भांडारातही चालतो. डेबियनच्या पॅकेजचं नाव फक्त रोमन छोट्या लिपीतली अक्षरं, आकडे, अधिक, उणे आणि टिंब यांतूनच बनतं, देवनागरी तिथं चालत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माणसाला दिसणारं नाव तिन्हीकडे मराठीत देता येतं: लिनक्सच्या डेस्कटॉप फाइलमध्ये मराठी नावाची वेगळी ओळ, मॅकवर मराठीचं भाषा-फोल्डर, विंडोजवर स्टार्ट मेनूतला शॉर्टकट. ते द्यायला विसरू नकोस. काउंटरवर बसणाऱ्या काकूंना मेनूत मराठी नाव दिसलं की त्या प्रोग्रॅमला लवकर सरावतात.

आवृत्तीच्या क्रमांकाचं लवकर आटोपते. १.०.० असा तीन भागांचा ठेव. वर्षावरून क्रमांक द्यायचा मोह होईल, पण एमएसआयमध्ये पहिला भाग २५५ च्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे २०२६ तिथं बसतच नाही. तुलना करताना एमएसआय फक्त पहिले तीन भाग बघतं, चौथा बदलून काही उपयोग नाही. डेबियनकडे चाचणीची आवृत्ती १.० च्या आधीची आहे हे सांगायला मध्ये टिल्ड, म्हणजे ~ ही खूण घालतात. ती विसरलीस तर चाचणीची आवृत्ती पक्क्या आवृत्तीपेक्षा नवी ठरते आणि अपडेट होतच नाही.

तिसरा निर्णय डेटाच्या जागेचा. इथं थोडं थांबते.

मी नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या काळात एका छोट्या कंपनीत डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनत असे. डेटाबेसची फाइल ईएक्सईच्या शेजारी, प्रोग्रॅम फाइल्समध्येच. विंडोज एक्सपीवर सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच काम करायचे, म्हणून चाललं. मग व्हिस्टा आलं. साध्या खात्याला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी राहिली नाही, पण जुने ३२ बिट प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक सोय केली होती: असा प्रोग्रॅम तिथं लिहायला गेला की विंडोज गुपचूप ते लिखाण त्या त्या माणसाच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवायचं. प्रोग्रॅमला वाटायचं आपण हव्या त्या जागीच लिहिलं. कोपरीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर त्याच्या खात्यातून नोंदी करायचा आणि डॉक्टर स्वतःच्या खात्यातून बघायचे. दोघांना दोन वेगळी रजिस्टरं दिसत होती. डॉक्टरांना वाटे कंपाउंडर कामचुकारपणा करतोय. तो बिचारा रोज भरत होता. पुढच्या आवृत्तीत आम्ही ओळखीची जीयूआयडी बदलली, नव्या इन्स्टॉलरनं जुना नीट ओळखला नाही, कुणीतरी जुना हातानं काढला, आणि त्या अनइन्स्टॉलरला अख्खं फोल्डर पुसायला सांगितलेलं होतं. चार महिन्यांच्या केसपेपरच्या नोंदी गेल्या असं सगळ्यांनी धरलं. मी दोन दिवस त्या मशीनपुढे बसले तेव्हा त्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सापडल्या. ज्या गोष्टीनं घोळ केला तिच्यामुळेच वाचल्या. त्या कंपाउंडरची माफी मात्र कुणी मागितली नाही, ते मला आजही खुपतं.

तेव्हापासून मी प्रोग्रॅम आणि डेटा एका फोल्डरमध्ये कधी ठेवला नाही. तुझ्या बाबतीत तर रजिस्टर एका माणसाचं नाही, वाचनालयाचं आहे. सकाळी एक जण बसतो, संध्याकाळी दुसरी, दोघांची खाती वेगळी असू शकतात. म्हणून विंडोजवर डेटाबेस प्रोग्रॅमडेटाखाली तुझ्या फोल्डरमध्ये ठेव. पण नुसता ठेवून भागत नाही: एका साध्या खात्यानं तिथं बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. इनो सेटअपमध्ये फोल्डर बनवतानाच सर्व वापरकर्त्यांना बदलाची परवानगी द्यायची सोय आहे, ती वापर. मॅकवर सगळ्यांसाठीच्या 'शेअर्ड' फोल्डरखाली, लिनक्सवर 'व्हार' मधल्या 'लिब' खाली वेगळा गट करून. एका व्यक्तीच्या आवडीनिवडी, खिडकीचा आकार, छपाईचा कागद असलं मात्र त्या त्या खात्यात. आणि कुणी म्हणालं की डेटाबेस नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोन पीसींवरून एकाच वेळी वापरू, तर नाही म्हण. एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस, त्यासाठी नाही, नोंदी खराब होतील.

अनइन्स्टॉलरनं डेटाला हात लावायचा नाही. विचारून पुसायचा पर्यायही मी देत नाही, कारण घाईत माणूस 'हो' दाबतो. डेबियननं हे फार पूर्वीच नीट सोडवलंय: 'रिमूव्ह' म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण सेटिंगच्या फाइली राहतात. सगळं पुसायला 'पर्ज' असं वेगळं सांगावं लागतं. डेटाबेसचं रूप बदलायचं असेल, म्हणजे एखादा रकाना वाढवायचा असेल, तर ते काम इन्स्टॉलरकडून करून घेऊ नकोस. एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये स्वतःचा एक आवृत्ती-क्रमांक ठेवायची जागा असते. प्रोग्रॅम सुरू होताना तो वाचायचा, जुना असेल तर आधी फाइलची प्रत काढायची, मग बदल करायचा. क्रमांक प्रोग्रॅमपेक्षा नवा असेल तर उघडायचंच नाही.

आता विंडोज. पायइन्स्टॉलरची एका फाइलची बिल्ड सोड आणि फोल्डरची बिल्ड घे. एका फाइलवाली दर वेळी सुरू होताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये सगळं उलगडते, त्यामुळे जुन्या हार्डडिस्कवर उघडायला वेळ लागतो, आणि अशा वागण्यामुळे अँटिव्हायरसना संशय येतो. फोल्डरची बिल्ड कर आणि ती इनो सेटअपनं बांध. एनएसआयएसही उत्तम आहे, पण त्याची स्क्रिप्ट लिहायला जास्त हात लागतो. एमएसआय आणि ते बांधणारं विक्स यांची गरज शेकडो मशीनवर एका जागेवरून सोडणाऱ्या ऑफिसांना असते, तुला आज नाही. एमएसआय म्हणजे आतून एक डेटाबेस असतो आणि त्याचे नियम शिकायला वेळ लागतो. विक्सबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते: २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं मुक्त परवान्याखाली सोडलेला तो त्यांचा पहिला प्रकल्प. मला याचं फार अप्रूप आहे, की त्या घरातून बाहेर आलेली पहिली मुक्त गोष्ट एक इन्स्टॉलर बांधायचं टूल होती.

काउंटरवरचा पीसी संध्याकाळभर चालू असतो. प्रोग्रॅम उघडा असताना नवी आवृत्ती चढवली की फाइली अडकतात. इनोला प्रोग्रॅम चालू आहे का ते ओळखता येतं, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक म्यूटेक्स, म्हणजे 'मी चालू आहे' असं सांगणारी खूण, ठेवावा लागतो. तो पहिल्या आवृत्तीपासून ठेव.

आणि एक चाचणी फक्त आपल्याकडची. विंडोजवर एक खातं देवनागरी नावानं बनव आणि त्यातून सगळं चालवून बघ. विंडोजमध्ये पूर्वी बऱ्याच लिपींसाठी जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, असायचं. देवनागरीला ते कधी मिळालंच नाही, आपली लिपी तिथं पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आहे. म्हणून जुन्या पद्धतीनं फाइल उघडणारी कुठलीही सी-लायब्ररी किंवा सोबत जोडलेलं छोटं टूल, उदाहरणार्थ बारकोड छापणारं, अशा खात्याच्या फोल्डरपाशी अडखळतं. फ्रान्समधल्या प्रोग्रॅमरला तिथल्या कोडपेजमुळे ही चूक कधी दिसणारही नाही, आपल्याला पहिल्याच दिवशी दिसते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्याची माहिती विंडोजला देणाऱ्या मजकुरात, यूटीएफ-८ (युनिकोडचंच एक रूप) हेच कोडपेज मागता येतं. ते टूल तुझ्या हातातलं असेल तर तसं कर, नसेल तर त्याला द्यायच्या फाइली साध्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेव.

याच्याच शेजारची एक गोष्ट इन्स्टॉलरची नाही, पण मॅकवर गेलीस की भेटेल. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि दुसरा र अधिक नुक्ता असा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावं तोडून ठेवायची, म्हणून 'दुसऱ्या कपाटातली पुस्तकं' अशी बॅकअपची फाइल ठेवली की परत वाचताना नाव वेगळं यायचं आणि प्रोग्रॅम म्हणायचा, फाइल नाही. नव्या एपीएफएसमध्ये तसं होत नाही, पण वाचनालयात जुने मॅक असतात. आणखी तिसरी तऱ्हा, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, हीसुद्धा कीबोर्डवरून येते. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. 'कुऱ्हाडे' आडनावाचा सभासद शोधला आणि सापडला नाही, तर कारण हेच. साठवताना आणि शोधताना तिन्ही एका रूपात आण. पहिल्या दोन्हींसाठी युनिकोडचं ठरलेलं एनएफसी रूप पुरतं, तिसऱ्याला तुला स्वतः ओळ लिहावी लागेल.

सहीचं बोलू, म्हणजे इन्स्टॉलर कुणी बनवला हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीचं. सही नसलेला इन्स्टॉलर नेटवरून उतरवला की विंडोजचा स्मार्टस्क्रीन निळी खिडकी दाखवून थांबवतो. बरेच प्रकल्प आपल्या सूचनांमध्ये लिहितात: 'अधिक माहिती' दाबा, मग 'तरीही चालवा' दाबा. माझी कळकळीची विनंती आहे, हे लिहू नकोस. वाचनालयातल्या माणसाला तू एकदा हे शिकवलंस की तो ते प्रत्येक निळ्या खिडकीवर करेल, आणि एखाद्या दिवशी ती खिडकी खरी असेल. पहिल्या चारही ठिकाणी तू स्वतः जाऊन बसव. त्यानंतर नेटवर सर्वांसाठी ठेवायच्या आधी सहीची व्यवस्था कर. जून २०२३ पासून अशा सहीची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे विकत घेणं महागलंय. पण साइनपाथ फाउंडेशन मुक्त प्रकल्पांना सही फुकट करून देतं. त्यांची अट अशी की बिल्ड तुझ्या लॅपटॉपवर नको, उघड्या कोडपासून स्वयंचलित सर्व्हरवर व्हायला हवी. ती अट योग्यच आहे, पुढे सांगते का. आणि सहीसोबत वेळेचा शिक्का घे, म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली तरी जुन्या इन्स्टॉलरवरची सही चालू राहते.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नेटवरून येणाऱ्या अ‍ॅपला अ‍ॅपलकडून नोटरायझेशन, म्हणजे तपासणीचा शिक्का, करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचं सभासदत्व. एका वाचनालयातल्या एका मॅकसाठी आज ते घेऊ नकोस. तू शेजारी बसून, सिस्टिम सेटिंग्जच्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत जाऊन एकदाच परवानगी दे. २०२४ च्या सिकोयापासून तोच रस्ता उरलाय, पूर्वीचं कंट्रोल-क्लिक बंद झालं. बिल्डसाठी मॅक लागतोच, पायइन्स्टॉलर दुसऱ्या यंत्रणेची बिल्ड करत नाही. गिटहबच्या सर्व्हरवर मॅक मिळतात, मुक्त प्रकल्पांना फुकट. मशीन इंटेलचं की २०२० पासून आलेल्या एम मालिकेतलं ते आधी विचारून घे, कारण दोन्हींच्या बिल्ड वेगळ्या. पुढे सही करशील तेव्हा आतल्या लायब्ऱ्यांपासून सुरुवात करून शेवटी बाहेरच्या अ‍ॅपवर कर, मग नोटरायझेशन, मग त्याचं तिकीट अ‍ॅपला चिकटव, म्हणजे नेट नसतानाही चालेल. सही झाल्यावर अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये एक अक्षरही बदललं की सही मोडते. डेटा आत ठेवायचा नाही याचं मॅकवरचं कारण हे.

लिनक्सवर नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात ते ग्लिबसीपाशी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ज्यावर उभा असतो त्या मूळ लायब्ररीपाशी. नव्या यंत्रणेवर केलेली बिल्ड जुन्यावर चालत नाही, उलटं मात्र चालतं. उबुंटू २४.०४ मध्ये ग्लिबसी २.३९ आहे, २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६. तू २४.०४ वर बिल्ड केलीस आणि वाचनालयात २२.०४ असलं, तर तिथं 'ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही' असं येऊ शकतं. म्हणून जे सर्वांत जुनं मशीन सांभाळायचंय त्याच्यावर, किंवा तसल्या कंटेनरमध्ये बिल्ड कर. गिटहबवर 'उबुंटू-लेटेस्ट' असं लिहू नकोस, आकडा लिही. लेटेस्टचा अर्थ त्यांच्याकडे बदलत जातो. तो २२.०४ वरून २४.०४ वर गेला तेव्हा कोडमध्ये काहीही न बदलता अनेकांच्या बिल्ड जुन्या मशीनवर चालेनाशा झाल्या.

क्यूटीचं आणखी एक. ६.५ पासून तिला लिबएक्ससीबी-कर्सर नावाची छोटी लायब्ररी लागते आणि ती सगळीकडे आधीपासून नसते. ती नसली की 'एक्ससीबी प्लगइन चढवता आलं नाही' असं दिसतं आणि माणूस क्यूटीच पुन्हा टाकत बसतो. तुझ्या डेब, म्हणजे उबुंटू-डेबियनच्या, पॅकेजच्या गरजांच्या यादीत ती लिही, आणि पॅकेज डीपीकेजीनं नको, एपीटीनं बसव. एपीटी गरजेच्या गोष्टी स्वतः आणतं.

डेब, अ‍ॅपइमेज, फ्लॅटपॅक, स्नॅप या लिनक्सच्या पॅकेज-प्रकारांत कुठलं? एका उबुंटू मशीनसाठी डेब. पायइन्स्टॉलरचं फोल्डर 'ऑप्ट' खाली ठेवायचं, डेस्कटॉप फाइल आणि आयकॉन आपापल्या जागी. डेबियनच्या अधिकृत भांडारात असं पॅकेज घेणार नाहीत, तिथं प्रत्येक लायब्ररी वेगळी हवी असते. पण तू ते तिथं देत नाहीयेस. अ‍ॅपइमेज सोपं वाटतं, मात्र उबुंटू २२.०४ पासून त्याला बहुधा लागणारी 'फ्यूज' लायब्ररीची जुनी आवृत्ती आधीपासून नसते, आणि 'एक फाइल, डबल-क्लिक' हे आश्वासन तिथंच मोडतं. गाव वाढलं, अनोळखी लोक वापरायला लागले, की फ्लॅटहबवर जा.

फॉन्ट सोबत द्यायचा. विंडोजवर निर्मला, जुन्या विंडोजवर मंगल, मॅकवर आणखी वेगळा. ओळींची उंची बदलते आणि पावतीवरचा दाखल क्रमांक खालच्या रेघेत जातो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो देवनागरी घे, दोन्ही मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहेत. फॉन्ट यंत्रणेत बसवू नकोस, प्रोग्रॅम सुरू होताना आपल्यापुरता चढव. क्यूटीत तशी सोय आहे. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात का ते छापून बघ. आमच्या नौपाड्यातल्या आजोबांच्या वयाच्या सभासदांना तो फरक लगेच दिसतो आणि तो त्यांना मिळायला हवा.

परवान्यांचं: पायथनला क्यूटीशी जोडायला पायसाइड वापरत असशील तर एलजीपीएल परवाना, पायक्यूटी असेल तर जीपीएल, आणि मग तुझा प्रोग्रॅमही जीपीएलशी जुळणारा हवा. इन्स्टॉलरमध्ये क्यूटी, पायथन, फॉन्ट, प्रत्येकाच्या परवान्याचा मजकूर ठेव. कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या कष्टावर आपण उभ्या आहोत, तेवढं एक फोल्डर त्यांच्या नावाचं असायलाच हवं.

आता त्या साइनपाथच्या अटीचं कारण. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून ठेवणाऱ्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं मागचं दार सापडलं. ते चालू करणारा तुकडा उघड्या कोडच्या भांडारात नव्हताच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे उतरवायला ठेवलेल्या गठ्ठ्यात होता. कोड सगळ्यांसमोर होता, पण लोक उतरवत होते ते दुसरंच काही. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का लागतोय ते बघताना ते दिसलं. म्हणून तुझा इन्स्टॉलर लॅपटॉपवरून अपलोड होऊ नये. कोडवर आवृत्तीचं लेबल लावायचं, सर्व्हरनं त्या लेबलापासून तिन्ही बिल्ड करायच्या, शेजारी एसएचए-२५६, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळवणारा तिचा ठसा, लिहायचा. लायब्ररींच्या आवृत्त्याही आकड्यांसह बांधून ठेव.

चाचणी तुझ्या लॅपटॉपवर करू नकोस. तिथं पायथन आहे, क्यूटी आहे, वर्षभरात टाकलेलं सगळं आहे, तिथं काहीही चालेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कोरी विंडोज १० आणि कोरी उबुंटू २२.०४ बसव, त्या कोऱ्या स्थितीचा स्नॅपशॉट घे, दर वेळी तिथून सुरू कर. नेट बंद ठेवूनही एकदा बसवून बघ, आपल्याकडे पावसाळ्यात वाचनालयाचं नेट जातंच.

मग वाचनालयात जा. इन्स्टॉलर इनोच्या लॉगच्या पर्यायासह चालव, म्हणजे अडलं तर फाइल हाताशी राहील. पण माऊस काउंटरवरच्या बाईंच्या हातात दे आणि तू बाजूला बस, बोलू नकोस. त्या जिथं थांबून तुझ्याकडे मान वळवतील तिथलं वाक्य तुला बदलायचंय, ते लिहून घे. त्यांच्याकडून पंधरा-वीस सभासद आणि थोड्या देवघेवीच्या नोंदी भरून घे. घरी येऊन ती वाक्यं बदल, १.०.१ काढ, आणि पुढच्या शनिवारी ती पहिल्यावर चढवून बघ: यादीत प्रोग्रॅम एकच दिसतोय का, आणि दोन्ही खात्यांतून तेच सगळे सभासद दिसतायत का. हे झालं की ठाण्याच्या त्या तीन वाचनालयांना तारखा दे.